कीर्ती कोणाची, ऋण कोणाचे?

प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला एखादा मानाचा प्राणी असतो. तेथे शेकडो पशुपक्षी असले, तरी लोकांच्या तोंडी नाव त्या एकाचेच असते. पुण्याच्या कात्रजचे नाव निघाले, की सर्पोद्यान आठवते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील सिंहसफारीने कित्येक शालेय सहली गाजविल्या. भायखळ्याच्या राणीच्या बागेला आज लोक जातात, ते मुख्यतः पेंग्विन पाहण्यासाठी. भिवपुरी, नेरळ, कर्जत या आपल्या परिसरातील कुटुंबेही मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन सकाळची लोकल पकडतात आणि भायखळ्याला उतरतात. मुलांच्या या आनंदात वावगे काय, असे कोणी विचारील. आनंदात वावगे काहीच नाही. परंतु त्या आनंदाच्या पाठीमागे एक नैतिक प्रश्न उभा आहे. जो प्राणी एखाद्या स्थळाची कीर्ती वाढवितो, त्याचे आपण काही देणे लागतो काय? लागत असू, तर ते देणे कोणत्या स्वरूपाचे?

प्रश्न जुना आहे आणि त्याच्या इतिहासात ख्रिस्तसभेलाही स्थान आहे. १५१४ साली पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याने हिंदुस्थानातून आणविलेला एक फिकट वर्णाचा हत्ती पोप दहावे लिओ यांना नजर केला. हॅनो हे त्याचे नाव. साऱ्या रोम शहराने त्याचे कौतुक केले. दोनच वर्षांनी, १५१६ साली, तो मरण पावला. त्याच सुमारास गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळालेला एक गेंडा १५१५ साली गोव्याहून लिस्बनला रवाना करण्यात आला. आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने तो प्राणी डोळ्यांनी न पाहता, केवळ वर्णनावरून त्याचे चित्र काढले. ते चित्र पुढे युरोपभर पसरले. तो गेंडा मात्र पोप महोदयांकडे भेट म्हणून जात असता इटलीच्या किनाऱ्यानजीक जहाजासह बुडाला. साखळदंडाने बांधलेला असल्यामुळे त्याला पोहून सुटणे शक्य नव्हते. चित्र अमर झाले, प्राणी समुद्राच्या तळाशी गेला. राजांच्या वैभवाचे ते चिन्ह होते, आणि चिन्हाला वेदना असतात हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

पुढे राजांच्या जागी सामान्य जनता आली, आणि वैभवाच्या जागी माया आली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८६५ साली जंबो नावाचा आफ्रिकी हत्ती आला. हजारो मुले त्याच्या पाठीवर बसून फिरली. १८८२ साली संग्रहालयाने त्याला बार्नम या अमेरिकी सर्कसवाल्याला विकले, तेव्हा मुलांनी खुद्द राणीला विनवणीची पत्रे लिहिली. त्याचा उपयोग झाला नाही. १८८५ साली कॅनडात आगगाडीची धडक बसून जंबो मेला. मेल्यावरही त्याचे कातडे आणि सांगाडा प्रदर्शनात फिरत राहिले. आपल्या कर्जत मार्गावर रेल्वेने ‘जंबो ब्लॉक’ जाहीर केला, की आपण कपाळाला हात लावतो. पण तो शब्द आपल्यापर्यंत एका रेल्वेखाली मेलेल्या हत्तीपासून आला आहे, हे आपल्या गावीही नसते. प्रेम खरे असूनही ते त्या हत्तीला वाचवू शकले नाही, कारण प्रेम करणाऱ्यांवर त्याची जबाबदारी नव्हती, आणि ज्यांच्यावर जबाबदारी होती त्यांनी व्यवहार पाहिला.

आता आपल्या पेंग्विनांकडे वळू. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल शहराहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आणले गेले. पेंग्विन म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. परंतु हे पक्षी मूळचे बर्फाळ प्रदेशातले नव्हेत. दक्षिण अमेरिकेतील पेरू आणि चिली या देशांच्या खडकाळ किनाऱ्यावर, थंड सागरी प्रवाहाच्या आधाराने ते राहतात. तेथेही त्यांची संख्या घटत आहे. मुंबईत आल्यावर तीन महिन्यांतच त्यांतील एक मादी संसर्गाने दगावली. मार्च २०१७ मध्ये उरलेल्या सात पक्ष्यांचे दालन जनतेसाठी उघडले आणि राणीच्या बागेत गर्दी लोटली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी भारतातील पहिले पेंग्विनचे पिल्लू तेथे जन्मास आले. वर्तमानपत्रांनी त्याचे स्वागत केले. आठवड्याभरात ते मरण पावले. पुढे जन्मलेली काही पिल्ले मात्र जगली, वाढली आणि लोकांची लाडकी झाली.

या साऱ्यात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नट, खेळाडू अथवा पुढारी प्रसिद्ध होतो, तेव्हा त्याने ती प्रसिद्धी काही अंशी मागितलेली असते. तिचा लाभही त्याला मिळतो. प्राण्याने ती मागितलेली नसते, आणि ती मिळाल्याचे त्याला कळतही नाही. कीर्ती सर्वस्वी आपली असते. तिची किंमत तेवढी त्याची असते. येथे जुने तत्त्वज्ञ आपणांस अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतात. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते मुक्या प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये, ते मुख्यतः अशासाठी, की ती क्रूरता पुढे माणसांवर वळते. कांटनेही पुढे असाच विचार मांडला. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. कारण पेंग्विनच्या काचेसमोर उभे असलेले कुटुंब क्रूर नसतेच, ते हर्षभरित असते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने म्हणूनच एक पाऊल पुढे टाकले. प्राणी केवळ आपल्या अस्तित्वाने परमेश्वराचे गौरव करतात आणि माणूस त्यांच्याशी दयेने वागण्यास बांधलेला आहे, असे तो शिकवितो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तोच धागा पुढे नेला: प्रत्येक जिवाला स्वतःचे मोल आहे, ते आपल्या उपयोगावरून ठरत नाही.

तथापि त्याच धर्मशिक्षणग्रंथात आणखी एक इशारा आहे. जो पैसा प्रथम माणसांचे दैन्य दूर करण्याकडे जायला हवा, तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे. हा इशारा आपल्या भागात विशेष बोचतो. १९२२ पासून भिवपुरीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज जाते. त्या मुंबईत पेंग्विनांचे दालन रात्रंदिवस थंड ठेवले जाते. आणि येथे कर्जत तालुक्यातील आदिवासी वाड्यांवर उन्हाळ्यात मायबहिणींना टँकरची वाट पाहावी लागते. हे चित्र पाहून कोणाचे रक्त तापले, तर त्याला दोष देता येणार नाही. पण राग कोणावर धरायचा, याचा विवेक हवा. परदेशी पक्षी आणण्याचा निर्णय योग्य होता की नव्हता, यावर वाद होऊ शकतो. तो पक्षी आल्यानंतर त्याला गारवा, मासे आणि औषध द्यावे की नाही, यावर वाद होऊ शकत नाही. आपण त्याला त्याच्या समुद्रापासून तोडले. आता त्याचा समुद्र आपणच झालो आहोत. वाडीवरच्या मातेला पाणी देणे हे आपले कर्तव्य आहेच. त्या कर्तव्यातील कसूर पेंग्विनच्या पाण्यावर हात टाकून भरून निघत नाही. तो हिशेब आणण्याच्या आधी करावयाचा असतो.

हा हिशेब न केल्यास काय घडते, याचे उदाहरण म्हणजे पांढरा वाघ. १९५१ साली रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बछडा पकडला. त्याचे नाव मोहन. पांढरी पिल्ले व्हावीत म्हणून पुढे त्याचा संबंध त्याच्याच मुलीशी जुळविण्यात आला. जगातील पिंजऱ्यांतले बहुतेक पांढरे वाघ त्याच्या वंशातले आहेत. हा रंग म्हणजे वाघाची निराळी जात नव्हे. तो एक आनुवंशिक दोष आहे. रंग टिकविण्यासाठी जवळच्या नात्यात संकर करीत गेल्याने त्यांच्यात तिरळेपणा आणि इतर व्यंगे आढळतात. बोरिवलीतच २००१ साली जन्मलेला बाजीराव हा पांढरा वाघ २०१९ साली तेथेच वारला. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सदस्यांना असे प्रजनन बंद करावयास सांगितले. येथे कीर्तीसाठी प्राणी आणलेला नाही, तर कीर्तीसाठी तो घडविलेला आहे. आणि आपल्या नजरेचे समाधान त्याच्या रक्तात उतरले आहे.

मग प्राण्याची कीर्ती नेहमी त्याच्या मुळावरच येते काय? तसेही नाही. फ्रेंच मिशनरी फादर आर्मां दाविद यांनी १८६५ साली पेकिंगजवळील बादशाही उद्यानाच्या भिंतीवरून एक अनोळखी हरीण पाहिले आणि युरोपला त्याची माहिती दिली. रानात ते केव्हाच नामशेष झाले होते. १८९५ चा पूर आणि १९०० चे बंड यांत उद्यानातील कळपही संपला. परंतु फादरांमुळे त्याची ख्याती झाली होती, म्हणून काही हरणे तत्पूर्वीच युरोपात पोहोचली होती. इंग्लंडमधील बेडफर्डच्या ड्यूकने त्यांतील अठरा एकत्र करून जतन केली. १९८५ साली त्यांचे वंशज चीनमधील त्याच जुन्या उद्यानात परत पाठविण्यात आले. आज चीनमध्ये त्यांची संख्या हजारांत आहे. हे हरीणही कुंपणात राहिले, पाहुण्यांनी तेही पाहिले. मग फरक कोणता? येथे कीर्तीचा ओघ माणसाकडून पुन्हा प्राण्याकडे वळला आणि त्याला स्वगृही घेऊन गेला.

माझ्या मते हीच कसोटी होय. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर सर्व प्राणी आदामापुढे आणतो, ते त्यांना नावे देण्यासाठी. नाव देणे म्हणजे ओळखणे, आणि ओळखले की पालकत्व आले. भायखळ्याला गेलेल्या आईवडिलांनी मुलाला पेंग्विनचे लाडके नाव तर सांगावेच. पण तो कोणत्या किनाऱ्याचा, तेथे त्याच्या भाईबंदांची दशा काय, आणि या तिकिटाचा त्यांना काही लाभ होतो काय, हेही विचारायला शिकवावे. असा प्रश्न विचारणारी गर्दी वाढली, तर तो संग्रहालयांनाही टाळता येणार नाही.

शेवटी आणखी एक गोष्ट. परमेश्वराने नानाविध जीव का निर्मिले, या प्रश्नाला अक्वायनस यांनी दिलेले उत्तर मनोज्ञ आहे: त्याचा चांगुलपणा कोणत्याही एका जिवात मावत नाही, म्हणून. एका मानाच्या प्राण्याकडे धावताना आपण वाटेतल्या पिंजऱ्यांकडे पाहतही नाही, तेव्हा या उत्तराचा आपल्याला विसर पडलेला असतो. आपल्या तालुक्यातील खांडसहून पायवाट भीमाशंकरला चढते. तेथील अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, ते मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू हा आपल्या राज्याचा प्राणी; त्याचीही कीर्ती मोठी आहे. पण ती त्याला त्याच्या झाडावरून खाली ओढीत नाही. उलट तिच्यामुळे ते झाड कुऱ्हाडीपासून वाचले आहे. एखाद्या सुट्टीत मुलांना तिकडेही न्यावे. शेकरू दिसेलच असे नाही. न दिसला, तर त्याच्या घरी आपण पाहुणे होतो, एवढे मुलांना सांगावे.