उलाळ

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात मला एक सांगाडा मिळाला. जीपमागं जोडायच्या जुन्या ट्रॉलीचा. तळाचा पत्रा गंजून गळाला होता, पण दोन लांब दांड्या आणि आख शाबूत. टेम्पोत घालून मुलुंडला आणला.

आमची गाडी लहान. तिला ओढवेल असं हलकं फिरतं घर करायचं होतं. एक इंची चौकोनी पाइप, चार मिलिमीटरचं प्लायवूड, मधे थर्माकोल, वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. प्रत्येक तुकडा वजनकाट्यावर ठेवूनच आत जाई. बायको म्हणायची, एवढं स्वतःचं वजन बघितलं असतं तर! 2021 साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून डोक्यात हे खूळ. अशा ट्रॉलीचीही आरटीओत नोंदणी लागते. ते अजून व्हायचंय.

त्यातच डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धारूरकडून आप्पा आले. माझे चुलते.

"काय बनवायलास रं हे?"

"फिरायला, आप्पा. कुठंही थांबायचं, आतच झोपायचं."

"रस्त्याकडंला?"

"हो."

"आन् घर?"

"घर आहेच की."

"मग?"

मला उत्तर सुचलं नाही. आप्पांनी वाकून पुढची दांडी एका हातानं उचलली आणि म्हणाले, "उलाळ हाय. मागं वझं झालंय."

बरोबर होतं. पुस्तकातला हिशोब असा, की एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी जोडावर यावा; नाहीतर वेगात ट्रॉली शेपटीसारखी हलते. आप्पांनी ते मनगटानं सांगितलं. मी बॅटरी आणि पाण्याचा कॅन पुढं सरकवला.

त्यांचं मनगट तयार झालं ते ऊसतोडीच्या गाडीवर. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून दसरा झाला की निघायचं. गाडीत भांडी, बाजरीचं पोतं, गोधड्या, कोंबड्या, लहान पोरं. कारखान्यावर पाचटाची कोपी घालायची, ती पट्टा पडेपर्यंत. आई-दादाही जायचे. मी शाळेत जायला लागलो, तसं मला आजीजवळ ठेवू लागले. शिक्षणासाठी, असं सगळे सांगत, आणि ते खरंच होतं. पण गाडीचं वझं कमी करताना जे खाली उतरवलं, त्यात मीही होतो.

मग जे त्यांनी नाइलाजानं केलं, ते मी हौसेनं करावं का? वारकरीही रस्त्याकडंला झोपतो, त्यानं कुणाच्या गरिबीची थट्टा होत नाही. नुसतं उघड्यावर झोपणं वाईट नव्हे. मला वाटतं, फरक आहे तो परतण्याचा. मला कंटाळा आला की मी रविवारी रात्री मुलुंडला. आप्पांना उचल फिटेपर्यंत माघारी यायची सोय नव्हती. एवढं कळतं, आणि तरी ट्रॉली मोडून टाकावी असं वाटत नाही. हे बरं का वाईट, अजून ठरवता आलेलं नाही.

आप्पा आत जाऊन बसले. पलंग दाबून पाहिला.

"पोरगी कुठं निजनार?"

"आम्हां दोघांपुरतंच आहे, आप्पा. ती आईकडं राहील."

ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मी पुन्हा आत शिरलो. आडवी फळी बसते. सात-आठ किलो वाढतील. मागं नको, पुढच्या भिंतीलाच लावतो.