गरुडाची नखे आणि माणसाची अमानत

बाणकोटची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथून थोडे आत आमचे गाव आहे. गेल्या वर्षी थंडीच्या प्रारंभी, फजरच्या नमाजनंतर, मोहल्ल्यातील एका वयोवृद्ध चाचांच्या होडीतून मी खाडीत गेलो होतो. चाचांचा दहा वर्षांचा नातूही सोबत होता. तो संध्याकाळी माझ्याकडे मकतबमध्ये शिकतो. ओहोटी लागलेली, वारा पडलेला. चाचांनी जाळे ओढायला घेतले आणि एकाएकी हात थांबवून आम्हाला गप्प राहण्याची खूण केली. किनाऱ्यावरच्या सुरूच्या शेंड्यावरून एक समुद्रगरुड निघाला होता.

हा पक्षी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. परंतु नेहमी उंच आकाशात, सूर्याकडे तोंड करून डोळे बारीक करावे तेव्हा दिसणारा. पांढरेशुभ्र डोके व पोट, राखी पंख, आणि पसरल्यावर जवळजवळ २ मीटर भरणारी त्यांची रुंदी. त्या दिवशी तो आमच्या होडीपासून जेमतेम दोन वल्ह्यांच्या अंतरावरून गेला. पंख न हलवता तो पाण्यालगत आला, शेवटच्या क्षणी त्याने पाय पुढे काढले, आणि बुडी न मारताच पृष्ठभागाखालची बोय नखांत उचलून तो वर उठला. मासा तडफडत होता. त्या पंखांचा वारा माझ्या चेहऱ्याला लागला आणि माझ्या तोंडून आपोआप ‘सुब्हानल्लाह’ निघाले.

तोच दोन घारी त्याच्या मागे लागल्या. त्या झटापटीत मासा नखांतून निसटला आणि होडीजवळ पाण्यात पडला. चाचांनी तो वल्ह्याने जवळ ओढून उचलला. मासा मेला होता. त्याच्या अंगात नखांच्या खोल जखमा होत्या. चाचांनी विचारले, “मौलाना, हा आपल्याला चालतो ना?” मी म्हणालो, “चालतो.” नातू मात्र त्या जखमांकडे पाहत राहिला. संध्याकाळी मकतब सुटल्यावर तो मागे थांबला आणि त्याने विचारले, “मौलाना, गरुड जालिम आहे का?”

वाचक बंधु-भगिनींनो, चाचांच्या प्रश्नाचे उत्तर मी एका शब्दात दिले होते. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला बराच काळ लागला. आज ते दोन्ही प्रश्न मी आपल्यासमोर एकत्र ठेवत आहे, कारण विचार करता करता ते एकमेकांपासून दूर नाहीत, असे माझ्या ध्यानी आले.

प्रथम मुलाच्या मनातील वेदना. ती खोटी ठरवून त्याला गप्प करणे सोपे होते. परंतु ते योग्य झाले नसते. मुक्या जिवाच्या यातनेने ज्याचे मन हलते, त्याच्या मनात दीनचेच एक बीज असते. पवित्र कुरआनच्या सूरह अल-मुल्कमध्ये (आयत १९) अल्लाह माणसाला डोक्यावरील पक्ष्यांकडे पाहण्यास सांगतो. ते पंख पसरतात आणि मिटतात. त्यांना आकाशात सावरून धरणारा ‘रहमान’ वाचून दुसरा कोणी नाही, असा त्या आयतीचा आशय आहे. अल्लाहच्या अनेक नावांपैकी येथे नाव आले आहे ते रहमान, म्हणजे परम दयावंत. पक्ष्यांमध्ये चिमणी आहे तसा गरुडही आहे. ज्या रहमानने चिमणीला सावरले, त्यानेच गरुडाला आकाशात धरले. त्याला दुरून पाण्यातील हालचाल टिपणारी दृष्टी दिली आणि निसरडा मासा सुटू नये म्हणून त्याच्या तळपायांना खरखरीतपणा दिला.

या गरुडाचे घरटे उंच झाडावर काटक्यांचे असते आणि तेच घरटे वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरले जाते. मादी बहुधा २ अंडी घालते. अनेकदा एकच पिलू उडण्यापर्यंत पोहोचते. नखांतून निसटलेली ती बोय कदाचित अशाच एखाद्या पिलाचा घास असावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अल्लाहवरील भरवशाचे उदाहरण देताना पक्ष्यांचाच उल्लेख केला आहे: ते सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात (तिर्मिजी). ही हदीस आपण सहजपणे सांगतो आणि आपल्या डोळ्यांसमोर दाणे टिपणारे कबूतर असते. परंतु गरुडही सकाळी उपाशीच निघतो, आणि त्याची रोजी म्हणजे दुसऱ्या जिवाचा अंत असतो. एकाचा घास तो दुसऱ्याचा मृत्यू का असावा, याचे संपूर्ण रहस्य निर्माणकर्ताच जाणतो. आपल्याला एवढे सांगितले गेले आहे की त्याच्या दरबारी कोणाचाही हक्क बुडणार नाही. कयामतच्या दिवशी शिंगे नसलेल्या बकरीलाही शिंगे असलेल्या बकरीकडून बदला मिळवून दिला जाईल, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आली आहे. मी त्या मुलाला म्हणालो, “बाळा, तुला त्या माशाची दया आली. ज्याने तुझ्यात ही दया ठेवली, तो तुझ्यापेक्षा कितीतरी अधिक दयाळू आहे.”

तरीही ‘जालिम’ हा शब्द उरतोच. त्याकडे जाण्याआधी चाचांच्या प्रश्नाकडे वळू.

समुद्राचे पाणी पाक आहे आणि त्यातील मेलेलेही हलाल आहे, ही हदीस प्रसिद्ध आहे. म्हणून गरुडाच्या नखांनी मेलेला मासा खाण्यास आडकाठी नाही. परंतु त्याच गरुडाने अंगणातील कोंबडी उचलली असती आणि ती त्याच्या नखांतच मेली असती, तर ती आपल्यासाठी हराम ठरली असती. सूरह अल-माइदाच्या ३ऱ्या आयतीत हिंस्र प्राण्याने फाडलेले निषिद्ध ठरविले आहे. प्राण शिल्लक असताना जबह करता आले तेवढे वगळून. आणि लगेच पुढच्या, ४थ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी प्राण्यांनी आपल्यासाठी धरून ठेवलेली शिकार, अल्लाहचे नाव घेऊन, खाण्याची परवानगी आहे. दोन आयती एकमेकींना लागून आहेत. दोन्हीकडे नखे तीच आणि दातही तेच. मग फरक कशाचा?

याचे उत्तर हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांच्या हदीसमध्ये सापडते. त्यांनी शिकारी कुत्र्याविषयी विचारले असता प्रेषित (स.) यांनी समजावले की, शिकवलेला कुत्रा अल्लाहचे नाव घेऊन सोडला असेल तर त्याने धरलेली शिकार खावी, मात्र त्याने स्वतः तिच्यातले खाल्ले असेल तर ती खाऊ नये, कारण मग त्याने ती स्वतःसाठीच धरली असण्याची भीती आहे (बुखारी, मुस्लिम). आम्ही कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मसलकाचे. या मसलकाच्या फिकहमध्ये ससाणा, बहिरी यांसारख्या शिकारी पक्ष्यांनाही हीच अट लावली आहे. हनफी विद्वानांच्या मते पक्ष्याची शिकवण हाक मारताच परत येण्यावरून ओळखली जाते.

या मसल्याचा गाभा पाहा. मुक्या प्राण्याचा दर्जा वाढतो तो त्याच्या शक्तीने नव्हे. रानातल्या गरुडाची ताकद शिकवलेल्या ससाण्याहून मोठी असते. परंतु त्याने मारलेली कोंबडी मुरदार आणि ससाण्याने धरलेला पक्षी हलाल. दर्जा वाढतो तो इल्मने आणि संयमाने. तोंडाशी आलेला घास, पोटात भूक, आणि तरीही तो दुसऱ्याची अमानत म्हणून जपणे ही ती शिकवण आहे. एक कुत्रा एवढे शिकू शकतो, हे कुरआनने आपल्याला उगाच सांगितलेले नाही.

आता ‘जालिम’ या शब्दाकडे येऊ. सूरह अल-अहजाबच्या ७२व्या आयतीत सांगितले आहे की, अमानत आकाशांपुढे, धरतीपुढे आणि पर्वतांपुढे ठेवली गेली, तेव्हा त्यांनी ती उचलण्यास नकार दिला आणि ते भयभीत झाले. माणसाने मात्र ती उचलली. आणि त्याच आयतीत माणसासाठी शब्द आला आहे तो ‘जलूम’, म्हणजे मोठा जुलूम करणारा. गरुडाच्या खांद्यावर ही अमानत नाही. त्याला हलाल-हराम सांगितलेले नाही, त्याच्यापुढे दोन वाटा ठेवलेल्या नाहीत. त्याने मासा धरला नाही तर तो उपाशी मरेल. माशाऐवजी गवत खाण्याची निवड त्याला नाही. जिथे निवड नाही तिथे जुलूमही नाही. मुलाने जो शब्द गरुडाला लावला, तो कुरआनने आपल्याला लावला आहे.

येथवर मी मुलाला समजावले आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश झालो. अल्लाहने ती खुशी फार काळ टिकू दिली नाही.

काही दिवसांनी एका घरी दावत होती. यजमान मोहल्ल्यातील प्रतिष्ठित गृहस्थ. मस्जिदच्या प्रत्येक कामात त्यांचा हात सढळ असतो. जेवताना मी गरुडाचा प्रसंग सांगितला. यजमान हसून म्हणाले, “मौलाना, दुनिया अशीच चालते. बळी तो कान पिळी!” सर्वजण हसले, मीही हसलो. वडिलांच्या निधनानंतर या गृहस्थांनी बहिणीला वाडीतला हिस्सा दिलेला नाही, हे त्या दस्तरखानवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. माझ्यापुढे ताट होते, हातात घास होता, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्या रात्री मला अदी बिन हातिम (रजि.) यांची हदीस पुन्हा आठवली, आणि यावेळी ती यजमानांविषयी नव्हती. इल्म माझ्या हाती दिलेली अमानत होती. ती लोकांपर्यंत पोहोचवण्याऐवजी मी तिच्या मानाचे जेवण जेवून घरी आलो होतो. शिकवलेल्या कुत्र्याला जे जमते, ते मला जमले नव्हते.

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण जगात काय घडते ते सांगते. काय घडावे ते सांगत नाही. जो माणूस गरुडाकडे बोट दाखवून आपल्या कृत्याचे समर्थन करतो, त्याने आधी गरुड नीट पाहावा. गरुड भुकेपुरता मासा धरतो. त्याची मर्यादा त्याच्या पोटातच घातलेली आहे. तो सातबारावर बहिणीचे नाव लागू देत नाही असे कधी होत नाही. पुढच्या सात पिढ्यांसाठी खाडी आपल्या नावावर करून ठेवत नाही. माणसाच्या हावेला अशी मर्यादा शरीरात दिलेली नाही. सोन्याने भरलेली एक दरी मिळाली तर तो दुसरीची इच्छा करील, असे हदीसमध्ये आले आहे. म्हणूनच त्याची मर्यादा आज्ञेच्या रूपाने उतरली. सूरह अन-निसामध्ये वारसांचे हिस्से एकेक करून सांगितले गेले आणि संपत्ती थोडी असो वा पुष्कळ, स्त्रियांचाही त्यात हिस्सा ठरवून दिला गेला (आयत ७ व ११). ज्याने ही मर्यादा ओलांडली तो गरुडासारखा झाला नाही. तो गरुडाच्याही खाली गेला.

प्रेषित (स.) यांनी नखांनी शिकार करणारे पक्षी खाण्यास मनाई केली आहे. हिंस्र प्राण्यांची वृत्ती खाणाऱ्याच्या स्वभावात उतरू नये, अशी यामागील एक हिकमत काही विद्वानांनी सांगितली आहे. आपण गरुडाचे मांस खात नाही, अल्हम्दुलिल्लाह. परंतु गरुडाची नखे मात्र आपण वापरतो, कधी तराजूत, कधी वाटणीच्या कागदावर, कधी मजुराच्या मजुरीत.

गरुडाशी आपण कसे वागावे, याविषयीही दोन शब्द. आमच्याकडे एका जुन्या आंब्यावर या पक्ष्याचे घरटे आहे. कोंबडीचे पिल्लू गेले म्हणून काही तरुण ते घरटे पाडण्याच्या गोष्टी करत होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण दिलेले आहेच. परंतु मी त्यांना एक हदीस सांगितली: सफरीत काही सहाबींनी एका पक्षिणीची दोन पिले उचलली, ती पंख फडफडवीत घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी विचारले की तिला तिच्या पिलांवरून कोणी दुःख दिले, आणि पिले परत ठेवण्यास फर्माविले (अबू दाऊद). तरुणांनी ऐकले. कोंबड्या आता जाळीखाली असतात. ज्याच्यापाशी निवड आहे त्याने जाळी लावायची; ज्याच्यापाशी निवड नाही त्याला शिक्षा करायची नाही.

त्या यजमानांकडे मी नंतर गेलो. एकटाच, आणि जेवणाची वेळ टाळून. जे बोलायचे होते ते बोललो. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ईदनंतर बहिणीला बोलावतो.” ईद होऊन गेली आहे. मी पुन्हा जाणार आहे.

मुलाला मी अखेरीस एवढेच सांगितले: “गरुड जालिम नाही. तो जालिम होऊच शकत नाही. तू होऊ शकतोस, मीही होऊ शकतो. म्हणून रोज दुआ मागायची.” त्याने विचारले, “गरुडाला दुआ मागावी लागत नाही?” मी त्याला सूरह अन-नूरची ४१वी आयत काढून दाखवली. तिथे आकाशात पंख पसरलेल्या पक्ष्यांचा उल्लेख आहे, आणि प्रत्येकाला आपली नमाज व तस्बीह ठाऊक आहे, असे सांगितले आहे.

हे अल्लाह, तू आमच्या हाती दिलेली शक्ती आमच्यासाठी अमानत ठेव, तिला नखे होऊ देऊ नकोस. ज्यांचे हक्क आमच्याकडे अडकले आहेत, ते आम्ही जिवंत असतानाच परत करण्याची आम्हाला तौफीक दे. आणि सत्य बोलण्याच्या वेळी आमच्या तोंडातला घास आमच्या जिभेच्या आड येऊ देऊ नकोस. आमीन.