दारी आलेली परकी शेळी

हरवलेल्या मेंढराचा दाखला (लूक 15) आपण पुष्कळदा ऐकतो, व दर वेळी मनाने शोधणाऱ्या मेंढपाळाच्या बाजूस उभे राहतो. परंतु ज्याच्या दारी परक्याचे जनावर आले, त्याने काय करावे? अनुवादाच्या 22 व्या अध्यायात आज्ञा आहे की, भटकलेले मेंढरू पाहून न पाहिल्यासारखे करू नये. धनी ठाऊक नसला, तर तो शोधीत येईपर्यंत ते आपल्या घरी सांभाळावे. निर्गमाचा 23 वा अध्याय तर ह्याहून कठीण. तेथे बैल वैऱ्याचा आहे!

नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणीच्या डोंगरांत, घरे विखुरलेली. एक टेकडीवर, तर दुसरे नाल्यापलीकडे. चुकलेली शेळी तिन्हीसांजेस पहिल्या दिसेल त्या कुडाशी येऊन उभी राहते. बिबट्याच्या भयाने तिला आत घेणे सोपे आहे. खरी परीक्षा उजाडल्यावर होते. धनी पाड्यापाड्यांतून विचारीत फिरतो, आणि आपण म्हणतो, “मला कोणी विचारले नाही.”

सरकारच्या 1871 च्या कायद्यानेदेखील असे ठरविले की, कोंडवाड्यातील जनावरास सात दिवसांत धनी न मिळाल्यास गावात व जवळच्या बाजारी दवंडी पिटवावी, आणि आणखी सात दिवस वाट पाहून मगच लिलाव करावा. कायदा इतका धीर धरतो!

दाखल्यातील मेंढपाळ मेंढरू सापडल्यावर शेजाऱ्यांस आनंद करावयास बोलावितो. ज्याने ते आपल्या गोठ्यात लपविले असते, त्याने तेथे कोणत्या तोंडाने जावे? तुमच्या दावणीस अशी शेळी असेल, तर येत्या बाजारी चार पाड्यांच्या लोकांस तिचा रंग व कानाची खूण सांगा.