भिंतीआडचे लोखंड

तोकियोच्या एदोगावा वॉर्डात फुनाबोरी नावाचा भाग आहे. या वॉर्डात, विशेषतः निशी-कासाईच्या बाजूला, भारतातून गेलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. पुण्याचे योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. परंतु आज फुनाबोरीची आठवण निराळ्या कारणाने काढीत आहे.

नोव्हेंबर २००५ मध्ये जपान सरकारने जाहीर केले की, हिदेत्सुगु आनेहा या वास्तुविशारदाने अनेक इमारतींचे भूकंपविषयक हिशेब खोटे केले आहेत. काही इमारती कायद्याने ठरविलेल्या बळाच्या निम्म्याही भरत नव्हत्या. त्या यादीत फुनाबोरीतील एक निवासी इमारतही होती. अशा कित्येक इमारतींतील लोकांना घरे सोडावी लागली. घरासाठी काढलेले कर्ज मात्र डोक्यावर तसेच राहिले.

आनेहाने संसदेपुढे सांगितले की, लोखंड कमी करा असे बांधकाम कंपनीचे दडपण आल्यामुळे आपण हे सुरू केले. न्यायालयाने ही साक्ष खोटी ठरविली आणि २००६ च्या डिसेंबरात त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. ‘वरून सांगितले म्हणून केले’ ही पळवाट त्याला मिळाली नाही. पण म्हणून सारा दोष एकट्या माणसाचा, आणि ज्यांनी त्याच्या स्वस्त नकाशांचा फायदा घेतला ते सारे मोकळे, असे म्हणता येईल काय?

हल्ली मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीविषयी बरेच बोलले जाते. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. शाळा, दवाखाने, झाडे ही कामे चांगलीच आहेत. मात्र जे काम केवळ कंपनीच्या नोकरांच्याच उपयोगाचे, ते या खर्चात धरले जात नाही. मला हा नियम योग्य वाटतो. परांचीवर चढणाऱ्या मजुराला पट्टा देणे हा धर्मादाय नव्हे; ते देणेच आहे.

नोकरमाणूस आपल्या कंपनीची जबाबदारी कशावरून ओळखतो? अहवालातील छायाचित्रांवरून नव्हे. साइटवरचा इंजिनिअर, मुकादम, गवंडी रोज पाहत असतात की, ‘हे बरोबर नाही’ म्हणणाऱ्याचे पुढे काय होते. त्याचे ऐकले जाते, की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा येतो?

मी आयुष्य रुग्णसेवेत घालविले. शस्त्रक्रियेत पोट शिवण्याआधी गॉजचे तुकडे मोजतात. एक जरी कमी भरला तरी ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क सिस्टरला असतो, मग समोर केवढेही मोठे सर्जन असोत. रुग्ण गुंगीत असतो. त्याला ही मोजणी दिसत नाही. घर घेणाऱ्याचेही तसेच. गिलावा झाल्यावर आत किती सळया आहेत, हे त्याला कोण सांगणार? ज्या ठिकाणी सिस्टर ‘थांबा’ म्हणायला भिते, त्या इस्पितळाने गावोगावी मोफत शिबिरे भरविली तरी मी त्याला जबाबदार म्हणणार नाही.

कोणी म्हणेल, पोटापाण्याचा प्रश्न असलेल्या माणसाकडून एवढ्या धैर्याची अपेक्षा का करावी? आक्षेप खरा आहे. म्हणूनच धैर्य स्वस्त करणे हे मालकाचे आणि कायद्याचे काम आहे. गैरप्रकार उघड करणाऱ्या नोकरांच्या रक्षणाचा जपानी कायदा एप्रिल २००६ पासून अमलात आला. २०२२ पासून ३०० हून अधिक नोकर असलेल्या संस्थांना अशा तक्रारींसाठी व्यवस्था ठेवणे बंधनकारक झाले. तरीही कायदा दार उघडून देतो. त्यातून पाऊल माणसालाच टाकावे लागते.

आपल्या तोरामध्ये, अनुवादाच्या २२ व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे, म्हणजे कोणी पडून घरावर रक्तपाताचा दोष येऊ नये. तेथे प्रथम दानधर्म करा असे सांगितलेले नाही. प्रथम कठडा घाला असे सांगितले आहे. दान त्यानंतर अवश्य करावे. आपली मुले, नातवंडे आज अनेक देशांत मोठमोठ्या कंपन्यांत कामे करीत आहेत. तुमची कंपनी किती देणग्या देते, हे त्यांना जरूर विचारा. पण त्याआधी हे विचारा की, मोजणीत कमी भरले तर तेथे कोणाला ‘थांबा’ म्हणता येते काय?