मृताचा शब्द आणि दुसरा कारभारी

गुरुकुंज मोझरीस आमचे एक स्नेही आहेत. त्यांचे चुलते वारले तेव्हां मृत्युपत्रान्वये मिळकतीचा कारभार गांवच्या एका वृद्ध शिक्षकांकडे आला. अर्धी व्यवस्था लागते न लागते तोंच गुरुजीही गेले, आणि उरलेल्या कामापुरता अधिकार न्यायालयाने आमच्या स्नेह्यांस दिला. दप्तरांत गुरुजींच्या हातची एक ओळ निघाली : जुन्या सालदारास मालकांनी तोंडी कबूल केलेली रक्कम, पैकी निम्मी दिली. मृत्युपत्रांत सालदाराचे नांवही नाही. बाकीची निम्मी आपण द्यावी काय, असे त्यांनी आम्हांस विचारले.

१९२५ चा भारतीय वारसा कायदा येथे फारसा अडत नाही. नव्या व्यवस्थापकाने मिळकतीची यादी व हिशेब द्यावा. अफरातफर झाल्यास पदरचे भरावे. मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांची गड्याची मजुरी तर इतर सामान्य देण्यांच्या आधी चुकवावी, असेही तो सांगतो. तोंडी देणगीस मात्र तेथे थारा नाही.

पण दिलेला शब्द मनुष्याबरोबर सरणावर जातो काय? ताईमहाराज प्रकरण येथे आठवते. १८९७ च्या ऑगस्टांत मरणोन्मुख बाबामहाराजांनी लोकमान्य टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे इत्यादिकांस व्यवस्थापक नेमले. १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथाचे दत्तविधान झाले. पुढे ताईमहाराजांनी या मंडळींचा अधिकारच रद्द व्हावा म्हणून न्यायालय गांठले. टिळकांस फौजदारी शिक्षा झाली, ती १९०४ मध्ये हायकोर्टाने रद्द केली. दत्तक कायम ठरण्यास प्रिव्ही कौन्सिलचा १९१५ चा निकाल यावा लागला. मित्राच्या शब्दासाठी एवढे सोसणाऱ्याविषयी आम्हांस आदर वाटतो. तथापि जिच्या घरांत परक्यांची संमति घेतल्यावांचून पान हलत नव्हते, त्या तरुण विधवेचा जाच आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. मृताचा शब्द पाळतांना त्याचे ओझे बहुधा जिवंत माणसांच्याच खांद्यावर पडते.

म्हणून स्नेह्यांस आम्ही इतकेच सुचविले : मिळकत वारसांची आहे, तींतून गुपचूप देऊं नका, ती ओळ लपवूंही नका. मजुरी थकली होती काय, हे आधी सालदारासच विचारा.

सालदार म्हणाला, मजुरी चुकती आहे. ते मालकांनी खुशीने बोललेले होते. हे खरे बोलल्याने त्याचा कायदेशीर हक्क त्यानेच घालविला. मग वही चौघां वारसांपुढे ठेवली गेली. थोरल्या कन्येने तेथल्या तेथे आपल्या हिश्श्यांतून द्यावयाचे कबूल केले. दोघे तिच्या मागोमाग आले. चौथ्यांचे पत्रोत्तर अद्याप नाही. सालदार संत्र्यांच्या बागेंत पूर्ववत् येतो, आणि आमचे स्नेही त्याच्याशी पाण्याच्या पाळीविषयीच बोलतात.