प्लॅटिनमला पर्याय, पाण्याला नाही

पाण्याच्या विद्युत अपघटनातून हायड्रोजन मिळवताना ऋणाग्रावर प्लॅटिनम हा उत्तम उत्प्रेरक ठरतो. मात्र तो दुर्मीळ व महाग आहे. अल्कधर्मी द्रावणात निकेल-मॉलिब्डेनमचे संमिश्र त्याची जागा घेऊ शकते. आम्लात मॉलिब्डेनम डायसल्फाइड चालते. त्याच्या थरांचा सपाट पृष्ठभाग जवळजवळ निष्क्रिय असतो, क्रिया घडते ती कडांवर.

वेदान्ताच्या परिभाषेत येथे पाणी हे उपादानकारण (ज्यापासून वस्तू बनते ते), तर उत्प्रेरक निमित्तकारणाच्या (जे वस्तू घडवून आणते त्याच्या) जवळचा. कुंभाराचे चाक बदलता येते, माती वगळून घडा होत नाही. म्हणून निमित्त स्वस्त झाले तरी उपादान कोणाचे, हा धर्माधर्माचा प्रश्न उरतोच.

दुष्काळात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. एक किलो हायड्रोजनला किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागते. म्हणजे तेवढ्या पाण्यातून फार तर ५५ टन हायड्रोजन मिळेल. शुद्धीकरण आणि शीतकरणाचे पाणी वेगळेच.

सांडपाणी शुद्ध करून वापरल्यास हा पेच बराच सुटतो. जिथे तशी सोय नाही, तिथे तहानेचा हक्क इंधनाच्या आधी मानला पाहिजे.