जाळ्यासकट उडताना

विजया मुळे यांची ‘एक अनेक और एकता’ ही फिल्म जेमतेम सात मिनिटांची आहे. १९७४ सालची. घरातल्या टीव्हीवर एकच वाहिनी दिसायची त्या काळात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना तिची ओळख करून द्यायला नको. ती कधी लागेल याचा नेम नसे. दोन कार्यक्रमांमधली रिकामी जागा भरायला ती लावत, आणि आम्ही हातातलं टाकून धावत येऊन बसत असू. बागेतली पोरं, त्यांची ताई, एक सूर्य, एक चंद्र, पुष्कळ तारे, एका खारीमागून आलेल्या पुष्कळ खारी, आणि मग ती पाखरं. दाणे टिपायला उतरलेली, जाळ्यात सापडलेली, आणि शेवटी जाळंच उचलून घेऊन गेलेली.

माझ्यापुरती ती तिथेच संपायची. पडद्यावर पुढे बरंच काही होतं, पण पाखरं उडाली की मन भरायचं. व्याधाची फजिती झाली, आपण जिंकलो, चला आता खेळायला.

परवा बऱ्याच वर्षांनी ती पुन्हा पाहिली. या वेळी नजर पाखरांवर ठरेना, सारखी जाळ्याकडे जाऊ लागली. उडताहेत खरी, पण अजून जाळ्यातच आहेत. पायातले फास तसेच आहेत. कैद जमिनीवरून आकाशात गेली, एवढाच काय तो फरक. सुटका होते ती नंतर, लांब कुठल्याशा गावाजवळ उतरल्यावर, त्यांचे मित्र उंदीर जाळं कुरतडतात तेव्हा. फिल्ममध्ये हे सगळं एका वाक्यात उरकलं आहे. आपणही ते एका वाक्यात ऐकलं आणि सोडून दिलं.

एकीचं बळ हे तात्पर्य चौथीतल्या पोरालाही तोंडपाठ असतं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. एकीनं जाळं उचललं जातं. पण तुटत नाही. ते तोडायला दात लागतात, आणि दात पाखरांकडे नसतात. ते असतात बिळात राहणाऱ्या, पंख नसलेल्या, थव्यात कधीच न मोजल्या जाणाऱ्या एखाद्याकडे. त्याच्याशी तुमची आधीपासून ओळख असावी लागते. संकटात सापडल्यावर ओळख काढायला गेलात तर तो बिळाबाहेर येईलच असं नाही.

ही गोष्ट मुळात पंचतंत्रातली, तिथून हितोपदेशात आलेली. मोठेपणी ती हितोपदेशात वाचली की कळतं, तिच्यात मुलांसाठी म्हणून गाळलेलं केवढं तरी आहे. कबुतरांचा राजा चित्रग्रीव. निर्जन रानात तांदळाचे दाणे दिसतात तेव्हा त्याला शंका येते, इथे हे आले कुठून? तो थव्याला सावध करतो. पण थव्यातलं एक कबूतर फुशारकीनं त्याचं म्हणणं खोडून काढतं, असा विचार करत बसलं तर जेवायचं कधी, आणि सगळे खाली उतरतात. म्हणजे जाळ्यातसुद्धा ते एकजुटीनंच गेले! हा भाग कुठल्या तात्पर्यात येत नाही. सगळे मिळून उडता येतं तसं सगळे मिळून फसताही येतं, आणि त्या क्षणी दोन्हीकडे अगदी सारखंच बरं वाटतं. चाळिशी उलटलेल्या माणसाला याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्या सोसायटीची मागची वार्षिक सभा आठवली तरी पुरे.

पुढे व्याध. फिल्ममधल्या व्याधाला आपण मागे टाकून विसरून जातो. हितोपदेशातला व्याध मात्र हार मानत नाही. तो खालून त्यांच्यामागे धावत राहतो, कारण त्याचा हिशेब साधा आहे: आत्ता हे एक झालेत म्हणून माझं जाळं नेताहेत, पण कधीतरी खाली पडतीलच, तेव्हा हाती लागतील. कबुतरं नजरेआड होईपर्यंत त्याची आशा सुटत नाही. लहानपणी आपण पाखरांबरोबर वर असतो. आता खालून धावणाऱ्याचा श्वासही ऐकू येतो.

आणि उंदीर हिरण्यक! तो तर मला आता या गोष्टीतला सगळ्यांत खरा माणूस वाटतो. शंभर दारांचं बीळ करून राहिलेला. कबुतरं उतरल्याच्या आवाजानंच घाबरतो आणि आत गप्प बसून राहतो. मित्राचा आवाज ओळखल्यावर मगच बाहेर येतो. मदत करायला तयार आहे, पण आधी आपली मर्यादा सांगतो: मी अशक्त, माझे दात नाजूक, ते तुटेपर्यंत तुझे पाश तोडतो, मग जमेल तितके इतरांचे. कुठलीही भली, भित्री, मध्यमवर्गीय व्यक्ती हेच म्हणाली असती. त्यावर चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या माणसांचे तोड, माझे शेवटी.

मुळ्यांनी फिल्ममध्ये या सगळ्यातलं काय ठेवलं आणि काय काढलं, हे पाहण्यासारखं आहे. चित्रग्रीव गेला. फिल्ममधल्या पाखरांना राजाच नाही. शहाणी, चतुर पाखरं आपसांत ठरवतात आणि उडतात. हिरण्यकही एकटा उरला नाही, त्याचे पुष्कळ उंदीर झाले. राजाचा त्याग गेला, पण त्याबरोबर राजाही गेला. प्रजासत्ताकातल्या मुलांसाठी गोष्ट सांगताना हा बदल मला मोठा वाटतो. ताई आहे, पण ती गुरुजी नाही. ती फळ्यासमोर उभी राहून शिकवत नाही. मुलं विचारतात आणि ती आजूबाजूला दिसेल त्याकडे बोट दाखवते.

त्या वयात ही फिल्म कुणी केली असले प्रश्न पडत नाहीत. ती आपोआप टीव्हीत असते. आता नावं वाचली की एकेक दार उघडत जातं. विजया मुळे मुंबईच्या, जन्म १९२१ चा. लग्नानंतर पाटण्याला गेल्या, पुढे इंग्लंडमध्ये लीड्सला शिक्षणशास्त्र शिकून आल्या, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरी केली. सिनेमाच्या वेडापायी फिल्म सोसायट्या उभ्या केल्या. १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली देशभरच्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला, त्यात त्या होत्या. ‘अभिनेत्री सुहासिनी मुळेची आई’ ही ओळखही खरी, पण फार अपुरी. चित्रं भीमसैन यांची. त्यांचा जन्म मुलतानचा. फाळणीत घर सोडून कुटुंब लखनौला आलं, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. पुढे ‘घरौंदा’ हा घराच्या शोधातल्या जोडप्याचा सिनेमाही त्यांनीच काढला. एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय, हे चितारायला बसलेल्या माणसाला एकाचे दोन होताना काय होतं ते ठाऊक होतं. फिल्ममध्ये त्याची एकही खूण नाही. पण ही माहिती कळल्यावर ती गोड चित्रं मला पूर्वीसारखी नुसती गोड दिसत नाहीत.

संगीत वसंत देसाई यांचं. कोकणातला माणूस. शाळांच्या प्रार्थनांमध्ये अजून गायल्या जाणाऱ्या दोन चाली, ‘दो आँखें बारह हाथ’मधली आणि ‘गुड्डी’मधली, त्यांच्याच. हजार मुलांनी एकदम गायचं असेल तर चाल किती सोपी आणि तरी किती भरीव असावी लागते, हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना कळलं होतं. या फिल्मच्या पुढच्याच वर्षी, १९७५ च्या डिसेंबरात, लिफ्टच्या अपघातात ते गेले. आणि तो लहान मुलीचा आवाज साधना सरगम यांचा. त्याही मूळच्या दाभोळच्या. म्हणजे देशाच्या एकतेची ही हिंदी फिल्म बरीचशी मराठी माणसांनी केलेली आहे. तिच्यातल्या गाण्यात भाषा अनेक असल्याचं सांगितलं आहे, आणि ते सांगितलं आहे एकाच भाषेत. लहानपणी हे खटकायचं कारणच नव्हतं, आमची निम्मी हिंदी अशीच तर झाली. आज खटकतं. १९८८ मध्ये दूरदर्शनवर पुन्हा एकतेचं गाणं आलं तेव्हा त्यात देशातल्या डझनभर भाषा आल्या, मराठीही आली. मधल्या चौदा वर्षांत कुणाला तरी हे सुचलं, हे बरं झालं.

शेवटच्या गाण्यात पुष्कळ फुलांच्या एका माळेची उपमा आहे. गाणं पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचं. दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे ते. त्यांच्या गाण्याबद्दल वावगं बोलायची माझी हिंमत नाही. पण माळेतली फुलं खुडलेली असतात आणि सुईनं ओवलेली असतात, हे मोठेपणी डोक्यातून जात नाही. माळ ज्यानं केली त्याच्या हाती ती असते. त्यापेक्षा मला पाखरं जवळची वाटतात. ती निदान स्वतः ठरवून एकत्र उडाली.

कधीकधी वाटतं, मी फारच खोट काढत बसलोय. सरकारी पैशानं झालेली, मुलांना शहाणं करायला निघालेली फिल्म. १९७४ मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला, पुढच्या जूनमध्ये आणीबाणी आली, आणि एकता, शिस्त हे शब्द भिंतीभिंतींवर रंगले. त्या शब्दांचा विटाळ या फिल्मला का झाला नाही? मला त्याचं उत्तर आंब्यांत सापडतं. पाखरांची गोष्ट ऐकून झाल्यावर मुलं ताईला विचारतात, आपण सगळे एक झालो तर मोठं काम करू शकू का? ताई म्हणते, हो, का नाही? आता इथे कुठल्याही उपदेशपर फिल्ममधलं मूल देशासाठी काहीतरी करायला धावलं असतं. ही मुलं विचारतात, मग या झाडाचे आंबेही काढता येतील का? ताई म्हणते, येतील, पण युक्ती लढवावी लागेल. मुलं खूश.

एकीची पहिली परीक्षा आंब्यावर होते, आणि तिथे नुसतं एक होऊन भागत नाही, डोकंही चालवावं लागतं हे ताई लगेच सांगून टाकते. मुलांना देश नंतर भेटतो. आधी झाड भेटतं, खायचं फळ भेटतं, आणि ते वाटून घेणारे चार जण भेटतात. मुळ्यांना मुलं कळली होती, हे इथे दिसतं.

त्या २०१९ मध्ये गेल्या, वयाची ९८ वर्षं पूर्ण करून. त्यांच्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण आपण शाळाशाळांत उचललं ते फक्त शेवटचं गाणं. पंधरा ऑगस्टला पांढऱ्या गणवेशातली मुलं रांगेत उभी राहून ते म्हणतात, टाळ्या होतात, बिस्किटपुडा मिळतो. उंदीर गळतात, आंबे गळतात, उरते नुसती घोषणा. शाळेत गाणी बसवणाऱ्या बाईंना आणि सरांना म्हणून एक विनंती आहे: यंदा गाण्याआधी मुलांना ही सातही मिनिटं दाखवा. फिल्म इंटरनेटवर फुकट मिळते. आणि पाखरं उडाली की तिथे थांबवून विचारा, ही सुटली का? वर्गातलं एखादं पोर नाही म्हणेल. त्याला पुढे बोलू द्या.